व्हाळाचे पाणी तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या काही व्हाळांवर आम्ही वीसेक जण महिन्यातून एका रविवारी पाणी तपासतो. त्यात शिक्षक आहेत, बागायतदार आहेत, दोन निवृत्त कारकून आहेत आणि कॉलेजची मुले आहेत. काठावर उभे असताना, फोनवर, चतुर्थीत आरती संपल्यावर लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. एखाद्या गोष्टीचे उत्तर दुसरीकडे येऊन गेले असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. व्हाळ, ओहोळ, नदी. तुम्ही नेमके काय तपासता?

पुस्तकात ओहोळ, आमच्या तोंडी व्हाळ. डोंगरातल्या झरीपासून निघून, कुळागरांतून (सुपारी-नारळाच्या बागांतून), शेतांतून, वाड्यांमागून वाहत जो नदीला मिळतो तो. मांडवी, झुआरी, साळ, शापोरा या नद्यांचे पाणी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी तपासते. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तेव्हा ३५१ पट्ट्यांपैकी ११ गोव्यातले निघाले. व्हाळाचे पाणी नदीला मिळण्याआधी कोण पाहतो, हा आमचा प्रश्न. म्हादईचे (मांडवीचेच वरच्या भागातले नाव) नाव काढले की सभेत सगळे बाह्या सरसावतात, आणि म्हादईलाच मिळणाऱ्या घरामागच्या व्हाळात मोरीचा पाइप सोडलेला असतो.

२. मी विज्ञान शिकलेलो नाही. जमेल का?

जमेल. घड्याळ पाहता आले आणि आळस न करता लिहिता आले की पुरे. आमच्याकडच्या सर्वांत चांगल्या नोंदी एका माजी तलाठ्याच्या आहेत. सवय जुनी, खाडाखोड नाही.

३. सुरुवातीला काय काय विकत घ्यावे? फार खर्च येतो का?

तापमापी, पीएच (पाणी आम्लधर्मी किती ते) दाखवणारे पेन, टीडीएस (विरघळलेले क्षार) किंवा विद्युतवाहकता दाखवणारे पेन, गढूळपणा पाहण्याची नळी आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचे थेंबांचे किट. पेने काही शे रुपयांपासून मिळतात. अगदी स्वस्त पीएच पेन मात्र घेऊ नका, कारण प्रश्न ५ मध्ये आहे. गढूळपणाची नळी घरी करता येते: पारदर्शक लांब नळी, तळाला काळ्या-पांढऱ्या चौकटींची चकती. पाणी ओतत जायचे आणि चकती दिसेनाशी झाली की उंची वाचायची.

विकत घेण्याआधी पंचायतीत चौकशी करा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणित झालेल्या पहिल्या राज्यांत गोवा आहे. किट कपाटात पडून असण्याची शक्यता बरीच. ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे, पण त्यातल्या नायट्रेट आणि क्लोराइडच्या चाचण्या व्हाळालाही चालतात.

४. नमुना कसा घ्यायचा? बादलीत काढून आणला तर चालेल?

बादली नको. बादलीत ओतताना पाण्यात हवा मिसळते आणि ऑक्सिजनचा आकडा वाढतो.

खालच्या अंगाच्या ठिकाणापासून सुरुवात करा आणि वर चढत जा, म्हणजे तुमच्याच पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येणार नाही. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आधीच लिहा. ओल्या बाटलीवर पेन चालत नाही, हे प्रत्येक नवा माणूस एकदा शिकतोच. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंड खाली करून एक वीतभर पाण्यात न्या आणि मग पाणी येते त्या बाजूला तोंड वळवून भरू द्या. ऑक्सिजनसाठी असेल तर पाण्याखालीच बूच लावा. आत एक बुडबुडाही राहता कामा नये. उलटी करून टिचकी मारा, असेल तर तो वर येतो.

जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली याला अपवाद: ती विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर, निदान त्याच दिवशी, प्रयोगशाळेत पोचवा.

ऑक्सिजनच्या किटमधल्या पहिल्या दोन रसायनांचे थेंब टाकले की बाटलीत तपकिरी ढग उतरतो. तो पाहायला मुले गर्दी करतात. ढग पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन नाही असे समजा. गेल्या उन्हाळ्यात एका बाजारामागच्या गटारात तसा दिसला. एरवी गलका करणारी मुले गप्प झाली.

उरलेले रसायन व्हाळात ओतू नका. वेगळ्या बाटलीत परत आणा. हे सांगावे लागू नये, पण लागते.

५. आमच्या पीएच पेनवर सगळीकडे ५.२ येते. गोव्याचे पाणी आम्लधर्मी आहे का?

थोडेसे असते. जांभा दगडातून झिरपलेल्या पाण्यात क्षार कमी आणि पीएच सातच्या खाली असणे नवलाचे नाही. पण ‘सगळीकडे ५.२’ हे पाण्याचे लक्षण नव्हे, पेनचे आहे.

आमची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही पेन आणले, पाण्यात बुडवले, लिहिले. तिसऱ्या महिन्यात एकीने गंमत म्हणून ते बाटलीबंद पाण्यात बुडवले, तिथेही तोच आकडा. पेन महिनाभर मोटारीच्या डिकीत कोरडे पडून होते आणि टोकाची काचेची गोळी वाळून गेली होती. तीन महिन्यांच्या पीएचच्या नोंदींवर लाल रेघ मारावी लागली. तेव्हापासून नियम असा: प्रत्येक रविवारी निघण्याआधी पेन पीएच ७ आणि ४ च्या बफर द्रावणात (ज्याचा पीएच पक्का ठाऊक असतो) तपासायचे आणि तो आकडाही वहीत लिहायचा. टोपणात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे थेंब ठेवायचे. साधे किंवा डिस्टिल्ड पाणी ठेवायचे नाही.

६. कोणता आकडा चांगला आणि कोणता वाईट?

कशासाठी, त्यावर अवलंबून आहे. केंद्रीय मंडळाने वापरानुसार वर्ग केले आहेत. फक्त निर्जंतुक करून पिता येईल अशा पाण्याचा वर्ग ‘ए’: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला निदान ६ मिलिग्रॅम, बीओडी २ च्या आत, एकूण कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरला ५० च्या आत. उघड्यावर आंघोळीचा वर्ग ‘बी’: ऑक्सिजन ५, बीओडी ३, कोलिफॉर्म ५००. मासे आणि वन्यजीवांसाठी ‘डी’, ऑक्सिजन ४. शेतीसाठी ‘ई’, तिथे वाहकता २२५० मायक्रोसीमेन्सच्या आत हवी.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचे माप. परदेशी पुस्तकांत ते २० अंशांवर पाच दिवसांचे असते, आपल्या मानकात २७ अंशांवर तीन दिवसांचे. दोन्हींची तुलना करून घाबरू नका. बीओडी घरी जमत नाही, प्रयोगशाळेत द्या.

मात्र या कोष्टकापेक्षा तुमच्या व्हाळाचा स्वतःचा नेहमीचा आकडा जास्त कामाचा. वाहकता वर्षभर ६० च्या आसपास असते आणि एका रविवारी १८० येते. ‘ई’ वर्गाच्या हिशेबाने १८० म्हणजे उत्तम पाणी, पण त्या व्हाळात वरून काहीतरी आले आहे हे नक्की. ते ओळखायचे तर आधीच्या बारा कंटाळवाण्या नोंदी हाताशी हव्यात.

७. टीडीएस फक्त ३० आला. फिल्टरवाला म्हणाला होता, कमी टीडीएस म्हणजे शुद्ध पाणी.

त्याला फिल्टर विकायचा होता. टीडीएस पेन विरघळलेले क्षार मोजते. जंतू, कीटकनाशक, गाळ त्याला दिसत नाहीत. सत्तरीतल्या व्हाळात शौचखड्ड्याचे पाणी मिसळले तरी आकडा तीसचा पन्नास होईल आणि फिल्टरवाल्याच्या मते ते शुद्धच राहील.

८. मग हे पाणी प्यावे का? आजोबा आयुष्यभर प्यायले.

आम्ही कोणत्याही व्हाळाचे पाणी पिण्याजोगे आहे असे सांगत नाही, आमचे सगळे आकडे सुंदर आले तरी. आजोबांच्या वेळी वरच्या अंगाला किती घरे होती आणि किती शौचखड्डे होते ते त्यांनाच विचारा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (आतड्यातला जंतू) शून्य हवा. एकही चालत नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायला एच-टू-एस बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, उबदार जागी ठेवायचे, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी. न पडली तर? तर काही नाही. ‘नाही दिसले’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. पिण्यासाठी पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या किंवा उकळा.

९. बाटली तासाभरातच काळी झाली! इतके घाण पाणी?

नमुना खाजनाजवळचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताजवळचा), मानशीच्या (खाजनातले पाणी सोडायच्या दाराच्या) आसपासचा किंवा खारफुटीतला होता का? तिथल्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येतो, म्हणजे सल्फाइड आधीपासूनच असते. बाटली त्याच सल्फाइडने काळी होते, जंतूंना वाढायला वेळही मिळालेला नसतो. अशा जागी ही चाचणी वापरू नका.

उलट अपवादही आहे. दाट रानातल्या, वर एकही घर नसलेल्या व्हाळात बाटली दुसऱ्या दिवशी काळी होते. गवे, माकडे, चरायला सोडलेली गुरे, सगळ्यांची आतडी असतातच. बाटली माणूस आणि म्हैस ओळखत नाही.

१०. प्रत्येक वेळी सकाळी सातलाच कशाला? रविवारी झोपू द्या की.

ऑक्सिजन दिवसभर बदलतो. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच श्वास घेतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त असतो. एका महिन्यात सातला आणि दुसऱ्या महिन्यात दोनला गेलात तर तुम्ही व्हाळ मोजला नाही, घड्याळ मोजले.

यातूनच एक फसवा प्रश्न येतो: ‘आमच्या तळीत दुपारी ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन आला, म्हणजे फारच स्वच्छ ना?’ ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून मुरून साधारण साडेसातच मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो. ११ आला म्हणजे शेवाळ बेसुमार वाढले आहे. त्याच तळीत पहाटे पाचला जाऊन मोजा, आणि पाण्यावर तोंड काढून हवा गिळणारे मासे दिसतात का पाहा.

११. पहिल्या पावसात व्हाळ तांबडा होतो. खाणीची माती की साधी माती?

हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत जास्त भांडणे लावणाराही.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. जमीन जांभ्याची, तांबडी. खाण नसलेल्या पेडण्यातला व्हाळही पहिल्या सरीला चहासारखा होतो. दुसऱ्या बाजूला, आमच्या तालुक्यांत लोहखनिजाचे जुने मातीचे ढीग डोंगरांसारखे उभे आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले. तरी ढीग जागच्या जागी आहेत. खाण बंद असली तरी पाऊस बंद नसतो.

रंगावरून फरक सांगता येत नाही. तीन गोष्टी पाहा. ढिगाच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी एकाच तासात गढूळपणा मोजा. दुसरे, पाऊस थांबल्यावर पाणी निवळायला किती वेळ लागतो ते लिहा. आमचा रानातला व्हाळ एका दिवसात निवळतो, ढिगाखालचा चार-चार दिवस तांबडाच राहतो. तिसरे, दोन्ही नमुने काचेच्या बरणीत भरून रात्रभर खिडकीत ठेवा. शेतातली रवाळ माती तळाला बसते आणि वर पाणी दिसते. फार बारीक गाळ सकाळीही तरंगत असतो, बरणीला विटकरी रंगाचा कडा धरतो. पहिल्या वर्षी आम्ही अशा बरण्या ग्रामसभेत नेल्या होत्या. सभेने आमचे आकडे ऐकून घेतले आणि बरण्या हातोहात फिरवल्या.

एवढ्यावर ‘खाणीचीच माती’ असे लिहू नका. ‘वरच्या ठिकाणी नळीत चकती ५५ सेंटिमीटरपर्यंत दिसली, खालच्या ठिकाणी ६ पर्यंत’ असे लिहा.

१२. पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग आहे. कोणीतरी ऑइल सोडले का?

काडी घेऊन तवंग मोडा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहजीवाणूंचा. जांभ्यातून पाणी झिरपते तिथे नेहमी दिसतो, शेजारी भगवा चिखलही असतो. काडी काढताच तवंग पुन्हा जुळला तर तेल. गॅरेज कुठे आहे पाहा.

फेसाचेही तसेच. धबधब्याखालचा तपकिरी, मातीच्या वासाचा फेस पानांच्या अर्काचा असतो. पांढरा, सुगंधी फेस साबणाचा.

१३. आमचा व्हाळ खाडीला मिळतो. एकदा वाहकता ९०, पुढच्या वेळी १८,०००. पेन बिघडले?

पेन ठीक आहे, भरती होती. मांडवीत भरती-ओहोटीचा परिणाम गांजेपर्यंत जातो, झुआरीत सावर्ड्यापर्यंत. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५०,००० च्या आसपास असते, त्यात थोडे मिसळले तरी आकडा कुठल्या कुठे जातो. अशा ठिकाणी घड्याळाच्या वेळेऐवजी ओहोटीची वेळ पाळा (म्हणजे प्रश्न १० मधला नियम इथे लागू नाही) आणि दोन्ही वेळा लिहा. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मुरतो, तेव्हा वरच्या गोड्या ठिकाणाशी तुलना नको. मानस उघडी होती की बंद, तेही नोंदवा. खाजनातले पाणी कधी सोडायचे ते मानस पाहणाऱ्याला विचारले की तो सांगतो.

१४. नोव्हेंबरात आकडे एकदम बिघडले, पण वर कोणी काही केलेले नाही.

बंधाऱ्याला फळ्या घातल्या का? वायंगणासाठी (पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी) पाणी अडवले की खालचा प्रवाह बारीक होतो. तीच मोरी, तेवढेच सांडपाणी, पण ते पातळ करायला पाणी उरत नाही. म्हणून आकड्याबरोबर प्रवाह मोजा.

दहा मीटर सरळ भाग निवडा. असोली (न सोललेली) सुपारी वर टाका आणि ती खाली पोचायला किती सेकंद लागतात ते पाहा. (लिंबूही चालते, पण कुळागरात सुपारी फुकट मिळते.) समजा २० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. रुंदी सरासरी २ मीटर, खोली ०.३ मीटर. गुणाकार ०.३ घनमीटर. तळाशी पाणी सावकाश वाहते म्हणून ०.८५ ने गुणा: सेकंदाला सुमारे २५५ लिटर.

१५. दगडाखालचे किडे पाहून पाणी कळते म्हणतात. खरे?

खरे, आणि मुलांना यातच सर्वांत जास्त रस असतो. पेन त्या क्षणाचे सांगते, किडा गेल्या काही आठवड्यांचे सांगतो. वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उचलून पांढऱ्या ताटलीत पाणी घ्या आणि दगड उलटा करा. चपटी, कडेला कल्ल्यांची झालर असलेली, बहुधा तीन शेपट्यांची अळी सरसर पळाली तर आनंद माना, ती मेफ्लायची. दोन शेपट्यांची असेल तर बहुधा स्टोनफ्लाय, तिला आणखी स्वच्छ पाणी लागते. वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून नळीत राहणारी कॅडिसफ्लाय. चतुर आणि टाचणीची पिल्ले मध्यम पाण्यातही तग धरतात. ताटलीत नुसत्या लाल, वळवळणाऱ्या बारीक अळ्याच असतील तर ऑक्सिजन कमी आहे. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या तिथे जगतात.

पावसाळ्यात ही पाहणी नको. पूर सगळे वाहून नेतो, आणि रिकामी ताटली पाहून लोक व्हाळ मेला म्हणतात. पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवा.

१६. काजूच्या हंगामात आणि चतुर्थीनंतर वेगळी तपासणी करावी का?

करावी. कोळंबीत (काजूची बोंडे तुडवायच्या जागी) बोंडे तुडवून झाल्यावर उरलेला चोथा आणि भट्टीतले उरलेले पाणी व्हाळात सोडले तर ते आंबट असते आणि ऑक्सिजन झपाट्याने खाते. त्यातून तो काळ मार्च-एप्रिलचा, व्हाळ आधीच बारीक. भट्टीवाल्याशी भांडू नका. त्याच्या खालच्या अंगाचा ऑक्सिजन त्याच्यासमोर मोजा. आमच्याकडचा एक जण त्यानंतर खड्डा खणून त्यात टाकू लागला.

चतुर्थीला मूर्ती मातीची असली तरी निर्माल्य, माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या आराशीची) फळे, केळीचे गभे व्हाळाच्या एकाच कोंडीत (डोहात) जातात. विसर्जनाच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने असे तीन नमुने घ्या. केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई आहे. तरी कोंडीच्या तळाला पांढरे लगदे सापडतात, त्यांचा फोटो ठेवा, मूर्ती कोणाची ते शोधत बसू नका.

१७. मासे मरून तरंगताहेत. आधी काय करू?

आधी वेळ लिहा, मग ऑक्सिजन, तापमान आणि पीएच लगेच मोजा. तासाभरात प्रवाह पुरावा घेऊन जातो. वर चालत जा आणि मेलेले मासे कुठपासून सुरू होतात ते पाहा. लहानमोठे सगळेच मेले का, की ठरावीक जातीचे? खेकडे, कोळंबी जिवंत आहेत का? कीटकनाशकाने बहुधा तीही मरतात. पहाटे घडले आणि आदल्या दिवशी पहिला मोठा पाऊस झाला असेल, तर वरची कुजकी घाण वाहून आल्याने ऑक्सिजन संपला असण्याची शक्यता धरा. कोणी मासे पकडायला ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर वास येतो.

ते मासे घरी नेऊ देऊ नका. हे सांगताना शिव्या खाव्या लागतात.

१८. परवानगी लागते का?

सार्वजनिक वाटेवरून, पुलावरून घेतलात तर लागत नाही. कुळागरातून जायचे तर मालकाला विचारा. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर, बोंडला ही अभयारण्ये आहेत, तिथे वनखात्याची परवानगी हवीच. देवराईतली झर किंवा देवळाची तळी असेल तर आधी गावकरांना भेटा, वहाणा बाहेर काढा आणि तिथे दगड उलटवू नका. एका गावात राखणदाराला (गाव राखणाऱ्या देवाला) नारळ ठेवून मगच नमुना घ्यायला सांगितले. आम्ही ठेवला. वहीत तशी नोंदही आहे.

१९. धोका कितपत?

पावसाळ्यात पाण्यात उतरू नका, पुलावरून दोरीच्या बाटलीने नमुना घ्या. वर डोंगरात पाऊस पडला की आपल्याकडे ऊन असतानाही लोंढा येतो. कधीही एकट्याने जायचे नाही. पायाला जखम असेल तर काठावर बसून लिहायचे काम घ्या. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस गमबुटाशिवाय हिंडणाऱ्यांना होतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘व्हाळात उतरलो होतो’ हे आपणहून सांगा.

कुंभारजुवेच्या कालव्याकडे मगरी आहेत. फोंड्याकडे पौषात चिखलाची मगर घडवून माणगेथापणीला तिची पूजा करतात, ती काही उगाच नव्हे. तिथे काठापासून लांब राहा.

२०. आमचे आकडे कोर्टात चालतील का?

थेट पुरावा म्हणून नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना घेण्याची पद्धत ठरलेली आहे: मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, सह्या घ्यायच्या. हे न केलेला नमुना खटल्यात ग्राह्य नाही.

तरी उपयोग आहे. अधिकाऱ्याला कुठे, कोणत्या वारी आणि किती वाजता यायचे ते तुमची वही सांगते. एका ठिकाणी आमच्या नोंदींत बिघाड नेमका शनिवारी रात्रीनंतर दिसत होता. तक्रारीनंतर तपासणी बुधवारी अकराला झाली आणि ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही’ असे पत्र आले. दुसऱ्या तक्रारीला आम्ही चौदा महिन्यांचे तक्ते जोडले, रविवार लाल पेनाने अधोरेखित करून. मग रविवारी माणूस आला.

स्वतः खटला भरायचा तर कलम ४९ खाली मंडळाला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. राष्ट्रीय हरित लवादाकडे वाद न्यायचा तर तो उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून ‘पहिल्यांदा कधी दिसले’ ही तारीख वहीत ठळक हवी. इथून पुढे वकिलाला विचारा.

२१. फोटो लगेच व्हॉट्सॲपवर टाकू का?

नको. एका मार्चमध्ये व्हाळ गुलाबी-जांभळा झाला. आमच्यातल्या एकाने वरच्या अंगाच्या एका कारखान्याकडे बोट दाखवून फोटो टाकला, दुपारपर्यंत तो तालुकाभर फिरला. संध्याकाळी कळले की आदल्या रात्री शिगमोत्सवाहून परतलेला चित्ररथ आणि गुलालाने माखलेली चाळीस पोरे पुलाखाली धुतली गेली होती. कारखान्यात जाऊन माफी मागावी लागली. त्यांनी चहा दिला, ते जास्त लागले.

आधी दुसऱ्या माणसाकडून खात्री, मग पंचायत आणि मंडळाला लेखी तक्रार, तिची पोच, आणि मग हवे तर फोटो. फोटोत ठिकाण आणि वेळ, आरोप नाही.

२२. ॲप आहे ना, मग वही कशाला?

सत्तरीत व्हाळाच्या खळग्यात रेंज मिळाली की सांगा. वहीत लिहा, घरी येऊन संगणकावर भरा, वही फेकू नका.

२३. एखादा महिना चुकला तर मागच्यासारखाच आकडा भरून टाकला तर?

तर वही जाळा. रिकामी जागा चालते, ‘गेलो नाही, बहिणीचे लग्न’ असे लिहिलेले तर उत्तमच.

२४. एप्रिलमध्ये व्हाळ आटतो, नुसत्या कोंडी उरतात. कोंडीतले पाणी तपासायचे का?

तपासा, पण वेगळ्या पानावर. साचलेली कोंड म्हणजे वाहता व्हाळ नव्हे. पाणी तापते, पाने कुजतात, ऑक्सिजन दोनवर येतो आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. जानेवारीच्या आकड्याशी तो जोडून आलेख काढलात तर डोंगराचा कडा दिसेल.

कोंडही आटली तरी त्या रविवारी जा. ‘कोरडा’ असे लिहा, तारीख घाला, शेवटची ओल कोणत्या दगडापाशी होती ते लिहा. आमच्या एका व्हाळाला पहिल्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात ‘कोरडा’ लिहिले, यंदा एप्रिलच्या दुसऱ्या. मध्ये वरच्या अंगाला तीन बोअरवेल झाल्या आहेत. कारण तेच का ते आम्ही लिहिलेले नाही, फक्त तारखांपुढे बोअरवेलच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत.